कयाकवर जिवंत आमिषाची टाकी आणि फिश फाइंडर: वीजजोडणी कोणत्या क्रमाने करायची

मनोरीच्या खाडीत, मार्वेला किंवा वसईकडे कयाकवरून गरवणाऱ्यांच्या तीन तक्रारी सारख्या कानावर येतात. पंप सुरू झाला की फिश फाइंडरचा, म्हणजे पाण्याची खोली आणि खालचे मासे दाखवणाऱ्या यंत्राचा, स्क्रीन विझतो. ऊन चढेपर्यंत टाकीतली कोळंबी पांढरी पडते. आणि एका सीझनमध्ये वायरी आतून हिरव्या होऊन तुटतात. तिन्हींचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं. बॅटरी सगळ्यात आधी विकत घेतलेली असते आणि मग टाकी, पंप, वायर, फ्यूज हे सगळं त्या बॅटरीला जमेल तसं चिकटवत नेलेलं असतं.

क्रम उलटा हवा. आधी टाकी, मग पंप, मग मोजमाप, मग हिशोब, आणि हिशोबातून बॅटरी. खाली तोच क्रम दिला आहे. हे सगळं प्लास्टिकच्या, वर बसायच्या कयाकसाठी, १२ व्होल्टवर आणि पाच-सहा तासांच्या फेरीसाठी आहे. हवा भरायच्या कयाकलाही वीजजोडणी हीच राहते, फक्त ट्रान्सड्यूसर, म्हणजे फिश फाइंडरचा पाण्यात ध्वनिलहरी सोडणारा भाग, वेगळ्या पद्धतीने बसतो.

## १. टाकी आणि पाणी आधी ठरवा

एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. ३० लिटरची टाकी दुकानात छान दिसते, पण पाणी, डबा, पंप आणि बॅटरी धरून तुम्ही पाठीमागे ३५ किलो लादता. मागची बाजू दबते, पुढची उचलली जाते आणि वारा सुटला की कयाक सरळ चालत नाही. एका माणसाच्या कयाकवर १२ ते १५ लिटर पुरे. तुमचं स्वतःचं वजन, सामान आणि भरलेली टाकी मिळून कंपनीने दिलेल्या क्षमतेच्या तीन-चतुर्थांशाच्या आत राहिलं पाहिजे.

झाकण घट्ट बसणारा आइसबॉक्स उत्तम. जाड भिंतीमुळे पाणी उशिरा तापतं. टाकी अर्धी भरून चालवू नका. अर्धवट पाणी एका बाजूला गेलं की सगळं वजन तिकडे जातं आणि कयाक कलंडायला एवढं कारण पुरतं. ओव्हरफ्लोच्या भोकापर्यंत भरलेली टाकी जड असली तरी जागेवर राहते.

आता मुंबईचा खास प्रश्न. बाहेरच्या देशातल्या व्हिडिओंमध्ये पंप सतत समुद्राचं पाणी टाकीत ओढतो आणि जादा पाणी बाहेर सोडतो. खुल्या स्वच्छ समुद्रात ते बरोबर आहे. आपल्या खाड्यांमध्ये ओहोटी लागली की वरच्या वस्त्यांचं सांडपाणी खाली उतरतं, पाणी काळपट होतं आणि त्यात प्राणवायू फारसा उरत नाही. असं पाणी सतत टाकीत ओढलंत तर तुमचाच पंप आमिष मारतो. त्यामुळे खाडीत बंद टाकी ठेवा. भरतीचं स्वच्छ पाणी एकदा भरून घ्या आणि त्यात हवा सोडत राहा. पाणी चांगलं दिसेल तेव्हाच मगाने एक-तृतीयांश बदला. वर्सोवा किंवा मढच्या बाहेर, खुल्या पाण्यात जाणार असाल तरच सतत ओढणारा पंप कामाचा.

आमिषावरही पंप ठरतो.

कोळंबीला हवेचा पंप आणि एक-दोन एअर स्टोन (हवेचे बारीक बुडबुडे सोडणारे सच्छिद्र दगड) पुरतात. टाकीत जाळीचा एक तुकडा उभा सोडा. कोळंबी त्याला धरून बसते, एकमेकांच्या अंगावर चढत नाही आणि बराच वेळ टिकते. १५ लिटरमध्ये मध्यम आकाराची दोन डझन याच्या वर मी कधी भरत नाही.

बोय पोहती राहिली तरच जगते. तिला गोल फिरणारं पाणी लागतं, म्हणजे पाणी फिरवणारा पंप लागतो आणि टाकीचे कोपरे गोल असावे लागतात. चौकोनी डब्यात ती कोपऱ्यात तोंड घासते. पाच-सहा बोयींपेक्षा जास्त नकोत.

तपासा: फक्त कोळंबीच वापरणार असाल तर पाणी फिरवणारा पंप घेऊच नका. तुमची विजेची गरज तिथेच निम्म्याहून खाली येते. जिताडा आणि तांबोशीसाठी खाडीत जिवंत कोळंबी भरपूर झाली.

सावधान: टाकीत नळाचं पाणी कधीही नको, क्लोरिनने आमिष मरतं. बर्फही सुटा टाकू नका. पाण्याची अर्ध्या लिटरची बाटली गोठवून, झाकण बंद ठेवून तरंगत सोडा. ३० अंशांच्या आसपास पाण्यात मुळातच प्राणवायू कमी विरघळतो, म्हणून गारवा हवा. पण तो हळूहळू यायला हवा. एकदम गार केलेल्या पाण्यात कोळंबी उलटी पडते.

## २. प्रत्येक उपकरण किती करंट घेतं ते मोजा

खोक्यावर छापलेल्या आकड्यावर थांबू नका. साधा डिजिटल मल्टिमीटर घ्या आणि स्वतः मोजा.

लाल वायर १० अँपिअरच्या भोकात घाला, काळी COM लिहिलेल्या भोकात. चकती डीसी अँपिअरवर ठेवा. मीटर सर्किटच्या मधोमध बसला पाहिजे. बॅटरीचा प्लस मीटरला, मीटरमधून पंपाच्या प्लसला, आणि पंपाचा मायनस थेट बॅटरीला.

सावधान: या स्थितीत मीटरच्या दोन्ही टोकांनी बॅटरीचे प्लस-मायनस एकदम शिवू नका. तो सरळ शॉर्ट आहे. मीटर जळेल, आणि लिथियम बॅटरी असेल तर टोकं हातात वितळतील. मोजणं संपलं की लाल वायर लगेच व्होल्टच्या भोकात परत घाला. सगळ्यात जास्त मीटर ही परत घालायची विसरल्यामुळेच जळतात.

मोजताना दोन गोष्टी पाळा. पंप बादलीभर पाण्यात, कयाकवर लागणार आहे तेवढ्याच नळीने आणि तेवढ्याच उंचीवर पाणी चढवत मोजा. कोरडा फिरणारा पंप कमी करंट दाखवतो आणि हिशोब फसतो. फिश फाइंडरचा स्क्रीन पूर्ण उजेडावर ठेवून मोजा, कारण मार्च-एप्रिलच्या उन्हात तुम्ही तो तसाच चालवणार आहात. ट्रान्सड्यूसर बादलीत बुडलेला असू द्या.

साधारण असे आकडे येतात. पाच इंची फिश फाइंडर अर्धा ते पाऊण अँपिअर. पाणी फिरवणारा छोटा बिल्जच्या (बोटीत साचलेलं पाणी उपसणाऱ्या) जातीचा पंप दोन ते तीन अँपिअर. १२ व्होल्टचा छोटा हवेचा पंप अर्ध्या अँपिअरच्या आतच. मात्र हिशोबात तुम्ही मोजलेलेच आकडे घ्या.

## ३. हिशोब, आणि त्यातून बॅटरी

एक पूर्ण उदाहरण पाहू. सहा तासांची फेरी, फिश फाइंडर ०.६ अँपिअर, बोयींसाठी फिरवणारा पंप २.५ अँपिअर.

फिश फाइंडर: ०.६ × ६ = ३.६ अँपिअर-तास.

पंप सतत चालवला तर: २.५ × ६ = १५ अँपिअर-तास.

तोच पंप टायमरवर, एक मिनिट चालू आणि दोन मिनिटं बंद: १५ ÷ ३ = ५ अँपिअर-तास.

दोनशे-चारशे रुपयांच्या टायमरने १० अँपिअर-तास वाचले, म्हणजे दीड-दोन किलोची बॅटरी वाचली. १५ लिटरच्या टाकीला सतत फिरणाऱ्या पाण्याची गरज नसते. सतत ढवळल्याने मासे दमतात आणि पाणीही लवकर तापतं.

एकूण झाले ८.६. त्यावर ३० टक्के राखीव धरा, कारण वारा फिरला की परत यायला उशीर होतो: ११.२ अँपिअर-तास.

आता बॅटरीचा प्रकार. यूपीएसमध्ये असते ती बंद लेड-ॲसिड बॅटरी नेहमी निम्म्यापर्यंतच वापरायची, नाहीतर थोड्याच महिन्यांत बसते. म्हणजे ११.२ साठी २२ च्या वरची, व्यवहारात २६ अँपिअर-तासांची घ्यावी लागेल. ती साधारण आठ किलोची. लिथियम फॉस्फेट (LiFePO4) बॅटरीतून ९० टक्के निर्धास्त काढता येतात. ११.२ ÷ ०.९ म्हणजे साडेबारा, म्हणून १५ किंवा १८ ची घ्या. वजन दोन किलोच्या आसपास.

लेड-ॲसिडवर लिहिलेला आकडा वीस तासांत हळूहळू काढलेल्या विजेचा असतो. ७ अँपिअर-तासांच्या बॅटरीतून तीन अँपिअरचा पंप चालवलात तर सात मिळतच नाहीत. यूपीएसची जुनी बॅटरी कयाकवर टाकणाऱ्यांचा दुपारच्या आत घोटाळा होतो तो इथे.

लिथियममध्येही बघून घ्या. फॉस्फेटच्या चार सेलची बॅटरी १२.८ व्होल्टची असते आणि फिश फाइंडरला ती अगदी जुळते. साध्या लिथियम-आयनच्या तीन सेलची ११.१ व्होल्टची बॅटरी उतरत जाते तशी काही फिश फाइंडर मध्येच बंद पडतात. चार सेलची पूर्ण चार्ज झाली की १६.८ व्होल्टवर जाते. तुमच्या फिश फाइंडरच्या पुस्तिकेत चालणाऱ्या व्होल्टेजची मर्यादा दिलेली असते, ती वाचल्याशिवाय जोडू नका. आत बीएमएस, म्हणजे संरक्षण देणारं सर्किट, नसलेली बॅटरी कितीही स्वस्त असली तरी सोडून द्या.

### एक बॅटरी की दोन?

माझं मत स्पष्ट आहे: दोन. फिश फाइंडरला ६ अँपिअर-तासांची, पंपाला ८ किंवा १० ची. मोटर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कित्येक पट करंट ओढते. त्या क्षणी व्होल्टेज खाली जातं आणि फिश फाइंडर रिस्टार्ट होतो. टायमर लावला असेल तर हे दर तीन मिनिटांनी होणार. शिवाय खाडीत पंपाच्या तोंडाशी प्लास्टिक अडकतंच. अडकलेला पंप बॅटरी खाऊन टाकतो. बॅटऱ्या वेगळ्या असतील तर निदान खोली दिसत राहते आणि ओहोटीत चिखलावर बसायची वेळ येत नाही.

फक्त कोळंबीसाठी हवेचा पंप असेल तर एकच बॅटरी चालते. त्याहून सोपा मार्ग म्हणजे यूएसबीवर चालणारा हवेचा पंप आणि पॉवर बँक. त्यात एक खोच आहे. लोड फार कमी असला की बऱ्याच पॉवर बँक आपोआप बंद होतात. घरी पूर्ण तासभर चालवून बघा.

## ४. खरेदी

बॅटरी, टायमर, कनेक्टर, फ्यूज होल्डर, हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) हे सगळं लॅमिंग्टन रोडवर मिळतं. वायर, ग्लँड (बॉक्समधून वायर बाहेर काढायची पाणीबंद कडी) आणि पाणी न शिरणारे प्लास्टिकचे जंक्शन बॉक्स लोहार चाळीत. हवेचा पंप, एअर स्टोन, नळी आणि नॉन-रिटर्न वाल्व क्रॉफर्ड मार्केटच्या मत्स्यालयाच्या दुकानांत.

बॅटरी घरी आणल्यावर तिची खरी क्षमता तपासा. बाजारात जुन्या सेलना नवं वेष्टन चढवलेले पॅक खूप फिरतात. बॅटरी पूर्ण चार्ज करा. गाडीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट, २१ वॉटचा बल्ब तिला लावा आणि घड्याळ बघा. हा बल्ब पावणेदोन अँपिअरच्या आसपास घेतो. म्हणजे १२ अँपिअर-तासांची खरी बॅटरी साडेसहा तासांच्या आसपास जळली पाहिजे. चार तासांत विझली तर तशीच दुकानात परत न्या. बल्ब चांगलाच तापतो, तो फरशीवर ठेवा आणि जवळ थांबा. लेड-ॲसिडवर ही चाचणी शेवटपर्यंत करू नका. पूर्ण उतरवल्याने ती खराब होते.

## ५. फ्यूज, वायर आणि जोड

सगळ्यात जास्त चुका या टप्प्यात होतात, म्हणून सावकाश वाचा.

फ्यूज बॅटरीजवळ. प्लसच्या टोकापासून वीतभर अंतराच्या आत. बरेच जण तो फिश फाइंडरच्या मागे, स्क्रीनजवळ लावतात. मग बॅटरी आणि फ्यूज यांच्या मधली वायर कुठे घासून शॉर्ट झाली तर तिला कुणीच अडवत नाही. फ्यूज उपकरणासाठी नसून वायरीला आग लागू नये यासाठी असतो. फिश फाइंडरला पुस्तिकेत दिलेला, बहुतेक ३ अँपिअरचा. पंपाला त्याच्या लेबलवर लिहिलेला. अडीच अँपिअरच्या पंपाला तो साधारण ५ चा असतो. एकाच बॅटरीवर दोन्ही असतील तरी दोघांना वेगवेगळे फ्यूज द्या आणि बॅटरीजवळ १० चा एक मुख्य फ्यूज.

गाडीत असतात ते पात्यांचे फ्यूज घ्या. ३ चा जांभळा, ५ चा फिकट तपकिरी, १० चा लाल. दोन-दोन जादा बॉक्समध्ये ठेवा. फ्यूज उडाला तर कारण शोधा. मोठा फ्यूज किंवा तांब्याची तार घालून वेळ मारून नेऊ नका. बंद प्लास्टिकच्या पोकळीत, फोमच्या शेजारी तापलेली वायर तुम्हाला दिसणारसुद्धा नाही.

वायर. कल्हई केलेली, म्हणजे कापल्यावर आतल्या तारा चंदेरी दिसतात ती, बारीक तारांची लवचिक वायर. साध्या तांब्याच्या वायरीत खारं पाणी टोकाकडून आत झिरपतं. वरचं आवरण शाबूत दिसतं आणि आत हिरवी पूड झालेली असते. जुन्या वायरीचं टोक इंचभर सोलून बघा. तारा काळ्या निघाल्या तर आणखी इंचभर सोला. चकचकीत तांबं लागेपर्यंत असंच करत गेलात तर कधी कधी फूटभर वायर फेकावी लागते.

जाडी दीड चौरस मिलिमीटर. बॅटरी ते पंप दोन मीटर असेल तर जाऊन-येऊन चार मीटर होतात. तीन अँपिअरला या वायरीत ०.१४ व्होल्ट पडतात, हे चालतं. अर्ध्या चौरस मिलिमीटरच्या स्पीकर वायरीत तेच ०.४२ व्होल्ट. पंप मंदावतो आणि तुम्ही बॅटरीला नावं ठेवता.

जोड. शक्य तितके कमी, आणि जे असतील ते कोरड्या बॉक्समध्ये. वायर सोलण्याआधी गोंद असलेली हीट श्रिंक तिच्यावर चढवून ठेवा. मग लग (वायरीच्या टोकाला बसवायचा धातूचा तुकडा) दाबा, ओढून बघा, आणि गरम हवेने श्रिंक बसवा. कडेला गोंदाचा बारीक थेंब बाहेर आला की समजा सील झालं. काळी चिकटपट्टी समुद्रावर वापरू नका. तिच्याखाली पाणी साचतं आणि जोड आतून सडतो.

बॉक्सच्या बाहेर जोडायचं असेल तिथे मोटरसायकलच्या लाइटला असतो तसा रबर सीलचा दोन पिनांचा कनेक्टर वापरा. बॅटरीच्या बाजूला नेहमी झाकलेल्या पिनांचा, म्हणजे मादी भाग. उघड्या पिना बॅटरीच्या बाजूला राहिल्या तर ओल्या हाताचा किंवा गळाचा स्पर्श पुरतो. पंप आणि फिश फाइंडर यांचे कनेक्टर एकमेकांत बसणार नाहीत असे दोन जातींचे घ्या. पहाटेच्या अंधारात अदलाबदल करायची इच्छा झाली तरी ती होता कामा नये.

तपासा: फ्यूज काढून ठेवा आणि मल्टिमीटर बीपवर ठेवून प्लस-मायनसमध्ये तपासा. उपकरणं सुटी असताना बीप वाजली तर कुठेतरी शॉर्ट आहे. मग फ्यूज घालून कनेक्टरच्या टोकाशी व्होल्टेज आणि दिशा बघा. प्लस लाल वायरीवरच आहे ना, हे उपकरण जोडण्याआधी कळलं पाहिजे.

## ६. बॉक्स आणि जागा

बॅटऱ्या, फ्यूज, टायमर सगळं एकाच झाकणबंद बॉक्समध्ये. वायरी ग्लँडमधून बाहेर काढा आणि ग्लँड बॉक्सच्या उभ्या बाजूला लावा, वरच्या झाकणाला नको. बाहेर आलेली वायर आधी थोडी खाली झुकू द्या, म्हणजे तिच्यावरून ओघळणारं पाणी ग्लँडकडे न जाता खाली ठिबकेल. आत सिलिका जेलची पुडी टाका.

बॉक्स पांढरा घ्या किंवा त्यावर ओला पंचा टाका. काळा डबा उन्हात आतून प्रचंड तापतो आणि लिथियमला ते सोसत नाही. लेड-ॲसिडला आणखी एक नियम: चार्जिंगच्या वेळी झाकण उघडं, कारण तिच्यातून हायड्रोजन निघू शकतो.

वजनाची मांडणी कागदावर करा. टाकी सीटच्या मागे, अगदी लगत. बॅटरीचा बॉक्स शक्यतो पुढच्या बाजूला, पायांच्या जवळ, म्हणजे टाकीचं वजन तोललं जातं. बॉक्स कयाकच्या पोकळीत ठेवणार असाल तर थेट तळाशी नको. तिथे नेहमी थोडं पाणी साचतं. फोमच्या जाड तुकड्यावर ठेवून पट्ट्याने बांधा. कयाक उलटली तरी बॉक्स जागचा हलता कामा नये.

पंपाबाबत दोन चुका सारख्या दिसतात. पाणी फिरवणारा पंप पाण्याखालीच असावा लागतो. वर बसवला तर तो स्वतःहून पाणी ओढत नाही, नुसता फिरत राहतो. हवेचा पंप याच्या उलट, पाण्याच्या पातळीच्या वर हवा. तो खाली ठेवायचाच असेल तर नळीत नॉन-रिटर्न वाल्व घाला. नाहीतर बंद केल्यावर टाकीतलं पाणी नळीतून उलटं पंपात उतरतं. सतत पाणी ओढणारी टाकी असेल तर बाहेर जाणारी नळी आत येणारीपेक्षा जाड हवी, नाहीतर टाकी तुमच्या पाठीवर वाहू लागते.

## ७. ट्रान्सड्यूसर

कयाकला भोक पाडायची गरज नाही. ट्रान्सड्यूसर पोकळीच्या आत, तळाला चिकटवून चालतो. तिथे प्लास्टिकचा एकच थर हवा, फोम किंवा हवेची पोकळी मधे नको, आणि तो भाग सतत पाण्याखाली राहणारा हवा. आधी तात्पुरती चाचणी करा. पाणी भरलेली छोटी प्लास्टिकची पिशवी तळाला ठेवून तिच्यावर ट्रान्सड्यूसर दाबा आणि खोली नीट दिसते का बघा. दिसली तर सिलिकॉनचा जाड थर देऊन, जरा फिरवत, हवेचे बुडबुडे बाहेर काढत बसवा. एक बुडबुडा राहिला तरी चित्र पुसट होतं. या प्लास्टिकला सिलिकॉन कायमचा चिकटत नाही. त्याचा फायदा असा की नंतर जागा बदलता येते.

आत बसवल्यावर तापमान पाण्याचं न दिसता कयाकच्या तळाचं दिसेल. बाजूचं आणि खालचं तपशिलवार चित्र दाखवणारे ट्रान्सड्यूसर आतून नीट चालत नाहीत, त्यांना बाहेरच्या दांड्यावरच लावावं लागतं. हवेच्या कयाकलाही दांडाच.

ट्रान्सड्यूसरची केबल कापून लहान करू नका. जादा केबल सैल वेटोळं करून बांधा. पंपाच्या वायरीपासून ती फूटभर लांब ठेवा, आणि जिथे ओलांडावीच लागेल तिथे काटकोनात ओलांडा. पंपाच्या प्लस-मायनस वायरी एकमेकींभोवती पिळून घ्या. पंप सुरू होताच स्क्रीनवर उभ्या रेघा किंवा ठिपक्यांचा पाऊस दिसला तर तो मोटरचा गोंगाट आहे, खाली मासे नाहीत.

## ८. घरी पूर्ण तालीम

इमारतीच्या आवारात कयाक स्टँडवर ठेवा, टाकी पाण्याने भरा, आणि सगळं पूर्ण वेळ चालू ठेवा. सहा तासांची फेरी असेल तर सहा तास. दर तासाला पाहा:

बॅटरीचं व्होल्टेज. लेड-ॲसिड आराम दिल्यावर १२.७ ला पूर्ण आणि १२.२ ला साधारण निम्मी, तिथे थांबायचं. लिथियम फॉस्फेटचं व्होल्टेज जवळजवळ शेवटपर्यंत १३ च्या आसपासच राहतं आणि मग धाडकन पडतं, म्हणून तिथे व्होल्टेजवर विसंबू नका. तास मोजा.

फ्यूज होल्डर आणि प्रत्येक जोडाला हात लावा. कोमट असेल तर तो जोड सैल आहे, पुन्हा करा.

पंप बंद-चालू होताना फिश फाइंडर स्थिर राहतो का? ट्रान्सड्यूसर कोरडा असल्याने खोली दिसणार नाही, पण रिस्टार्ट होतो की नाही ते कळतं.

शेवटी, बॅटऱ्या काढून, बॉक्समध्ये टिश्यू पेपर टाकून तो अर्धा तास बादलीत दाबून ठेवा. पेपर ओला निघाला तर ग्लँड आवळा आणि पुन्हा बुडवा.

## ९. पाण्यातली पहिली चाचणी

भांगाचा, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असतो असा दिवस निवडा, अष्टमीच्या आसपासचा. उधाणाला मुंबईत भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या वर जातो, खाडीत ओढ जोरदार असते, आणि परतताना गुडघाभर चिखलातून कयाक ओढावी लागते. नव्या जोडणीसोबत तो प्रसंग नको. भरती चढत असताना, सकाळी, किनाऱ्याजवळ. दुपारनंतर समुद्रावरचा वारा वाढतो. पावसाळ्यात कयाक घरीच ठेवा.

टाकी रिकामी ठेवून कयाक पाण्यात न्या आणि कमरेएवढ्या पाण्यात टाकी भरा. मग बसा आणि दोन्ही बाजूंना मुद्दाम कलून बघा. पूर्वीपेक्षा लवकर तोल जात असेल तर टाकीत पाणी कमी ठेवू नका, लहान टाकी घ्या.

आमिष पहिल्या वेळी थोडंच टाका. कोळंबीचं अंग काचेसारखं आरपार दिसतं तोवर ठीक. शेपटीकडून दुधाळ व्हायला लागली की हवा कमी पडते आहे किंवा पाणी खराब झालं आहे. आधी पाणी बदला, मग पंप बघा. पाण्यावर टिकून राहणारा फेस आला तरी पाणी बदलायची वेळ झाली.

कोळी बांधवांच्या डोल जाळ्यांपासून आणि मार्वे-मनोरी फेरीबोटीच्या वाटेपासून लांब राहा. लाइफ जॅकेट अंगात, शिट्टी गळ्यात, मोबाइल पाणी न शिरणाऱ्या पाकिटात आणि स्वतःच्या चार्जवर. त्याला या बॅटऱ्यांवर अवलंबून ठेवू नका. तटरक्षक दलाचा आपत्कालीन क्रमांक १५५४ मोबाइलमध्ये आधीच टाकून ठेवा.

## १०. परत आल्यावर, त्याच दिवशी

आधी फ्यूज काढा, मग कनेक्टर सोडवा. टाकी, पंप आणि नळ्या गोड्या पाण्याने धुवा. पंप बादलीभर गोड्या पाण्यात दोन मिनिटं चालवा, म्हणजे आतलं मीठ निघून जातं. कनेक्टर पुसून, वाळवून पिनांवर सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात फिरवा. बॉक्स उघडा ठेवून वाळवा.

चार्जिंग बॅटरीच्या जातीच्याच चार्जरने करा. चार सेलच्या लिथियम फॉस्फेटला १४.६ व्होल्टचा, तिच्यासाठीच बनवलेला. गाडीच्या बॅटरीचा चार्जर तिला लावू नका. चार्जिंग फरशीवर, गादी-पडद्यांपासून दूर, आणि घरात कुणी जागं असताना. बॅटरी पाण्यात बुडाली असेल, फुगलेली दिसत असेल किंवा कोपरा चेपला असेल तर ती चार्जरला लावायचीच नाही. ती घराबाहेर मोकळ्या जागी ठेवा आणि ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.

लेड-ॲसिड असेल तर ती त्याच रात्री पूर्ण चार्ज झाली पाहिजे. रविवारी वापरून शनिवारपर्यंत अर्धी पडून राहिलेली बॅटरी दर आठवड्याला थोडी थोडी मरते. लिथियमचं उलट आहे. पावसाळ्यासाठी ठेवून द्यायची असेल तर ती अर्ध्या चार्जवर, कोरड्या कपाटात, सगळे कनेक्टर सोडवून ठेवा, आणि गणपतीच्या सुमारास एकदा काढून तपासा.